परत मागवलेल्या सुऱ्या

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना थोडी काटछाट केली आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा छंद’. पत्रिकेवरही तसंच छापलं आहे. पण मला छंदाबद्दल फारसं बोलायचं नाही. मागच्या मेळाव्यात मी तुम्हा सगळ्यांना जी भेट दिली होती, तिच्याबद्दल बोलायचं आहे. नंतर ती भेट मी तुमच्याकडून परत मागितली. भेट देऊन परत मागणारा माणूस म्हणून माझी ग्रुपवर भरपूर थट्टा झाली, ती मी गोड मानून घेतली आहे.

जे मागच्या वेळी नव्हते त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाळेत लोखंडी बाकं आली तेव्हा जुनी सागवानी बाकं लिलावात निघाली. त्यातल्या काही फळ्या मी घेतल्या. कंपासच्या टोकाने कोरलेली नावं, बदामाची चित्रं, शाईचे डाग, सगळं होतं त्यांवर. मी तेव्हा नुकतीच नोकरी सोडली होती आणि घराच्या मागच्या पडवीत सुऱ्या घडवायला लागलो होतो. भंगारातून जीपचे जुने पाटे आणायचे, भट्टीत तापवून ठोकायचे, पाणी द्यायचं, धार लावायची. पाट्याचं पोलाद सुरीला चांगलं चालतं. तर म्हटलं, बाकाच्या लाकडाच्या मुठी करू आणि प्रत्येकाला एकेक सुरी देऊ. एकूण 34 केल्या. सहा गुरुजनांना आणि अठ्ठावीस आपल्याला. टाळ्या जोरात पडल्या होत्या. काही जणांचे डोळे भरून आले होते, कारण मुठीवर अर्धं अक्षर, कुणाचं ‘वि’, कुणाचं ‘सु’, तसंच ठेवलं होतं मी.

आता खरं सांगतो. त्यातल्या पहिल्या सात सुऱ्या मी मे महिन्यात निवांत केल्या. मग पावसाळ्यात काम राहून गेलं. डिसेंबर उजाडला आणि हातात तीन आठवडे उरले. बाकीच्या सत्तावीस सुऱ्या त्या तीन आठवड्यांत, रात्री जागून झाल्या. आपण गृहपाठाच्या वह्या तपासणीच्या आदल्या रात्री पूर्ण करायचो, तसंच. फरक एवढाच की अपुऱ्या गृहपाठाने कुणाचा हात कापत नाही.

मराठीच्या बाई दर दिवाळीला आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःच्या हाताने पत्र पाठवतात. बाईंचं अक्षर तुम्हाला माहीत आहे. फळ्यावर लिहिलेलं पुसायला जिवावर यायचं. मेळाव्यानंतरच्या दिवाळीला मला आलेलं पत्र पाहिलं आणि वाटलं, हे कुणाकडून तरी लिहून घेतलेलं दिसतंय. अक्षर मोठं, वाकडं, ओळी उतरलेल्या. सही मात्र बाईंचीच. मी फोन केला. बाई म्हणाल्या, “अरे, वय झालं आता.” मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाचीचा फोन आला. ती म्हणाली, “मावशीनं सांगू नको म्हटलंय, पण तुम्हाला कळायला हवं.”

श्रावणात बाई घारग्यांसाठी लाल भोपळा चिरत होत्या. भोपळा कडक. सुरी रुतली, म्हणून बाईंनी जोर दिला. मुठीची एक बाजू पापुद्र्यासारखी सुटून हातात आली आणि हात घसरून पात्यावर गेला. तर्जनीच्या मुळाशी चार टाके पडले. जखम भरली, पण बोट पूर्ण मिटत नाही. खडू धरायचा तो हात. आणि पोराने प्रेमाने दिलेली भेट, त्याला वाईट वाटेल, म्हणून बाईंनी तीन महिने कुणाला कळू दिलं नाही. उलट सुटलेली बाजू दोऱ्याने बांधून सुरी कपाटात ठेवून दिली होती.

बाई समोर बसल्या आहेत आणि हाताने मला ‘पुरे’ म्हणतायत. बाई, एवढं सांगू दे. वर्गातही तुम्ही चूक झालेल्याला उभं करून बोलायला लावायचात.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं: ‘सुरी वापरू नका. मूठ सुटू शकते. चूक माझी आहे. परत पाठवा, कुरिअरचा खर्च मी देईन.’ उत्तरं काय आली ते तुम्हाला आठवत असेल. “माझी एकदम ठणठणीत आहे.” “मी वापरतच नाही, शोकेसमध्ये आहे.” “गाड्या परत मागवतात तसं का रे?” एकाने तर सांगितलं की त्याची मूठ केव्हाच हलायला लागली होती, त्याने वर सायकलची ट्यूब कापून गुंडाळली आणि काम चालू ठेवलं. मला सांगावंसं त्यालाही वाटलं नाही. मित्राने दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं! ही आपली माणसं. पाच-सहा महिन्यांत 31 सुऱ्या परत आल्या.

मी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकेकीवर लाकडी ठोकळ्याने टकटक केलं. माठ घेताना वाजवून बघतो, तसं. जिथे मूठ घट्ट चिकटली आहे तिथे भरीव आवाज येतो, सुटली असेल तिथे पोकळ. अकरा सुऱ्यांना तर डोळ्यांना फट दिसत होती. तेरा वरून चांगल्या दिसत होत्या, पण पोकळ वाजल्या आणि पटाशीचं टोक लावून हलकं ठोकल्याबरोबर उघडल्या. उरलेल्या सात काही केल्या सुटेनात. त्या सात कुठल्या हे तुम्ही ओळखलं असेल. मे महिन्यातल्या.

सुटलेली मूठ हातात घेतली की आधी बघायचं, गोंद कुणाकडे राहिलाय. लाकडाचे तंतू उपटून गोंदाबरोबर आले असतील तर जोड चांगला होता, लाकूडच कमी पडलं. गोंद दोन्हीकडे अर्धा अर्धा असेल तर गोंद कच्चा. आणि सगळा गोंद लाकडाकडे राहिला, पोलाद आरशासारखं कोरं निघालं, तर गोंद पोलादाला कधी चिकटलाच नव्हता. माझ्या चोवीसपैकी बहुतेक सुऱ्या या तिसऱ्या जातीच्या होत्या. मी मुठीच्या आतला, कुणाला कधीही न दिसणारा पोलादाचा भाग नव्या बफवर घासून चकचकीत केला होता. बफ नवा होता, हौस होती! मे महिन्यात बफ नव्हता, म्हणून तो भाग कानशीच्या खरबरीत रेघांसकट तसाच राहिला होता. त्या आळसाने सात हात वाचवले.

आपल्या गावात कल्हईवाला यायचा, आठवतो? पातेल्यात वाळू टाकून दोन पाय आत रोवून, भिंतीला धरून गरागरा हलायचा. आपण हसायचो. तो नाच नव्हता, भांडं खरबरीत आणि स्वच्छ करणं होतं. मग तापवून नवसागर टाकायचा, तेव्हा कुठे कथील धरायचं. भांड्याला तेलकटपणा राहिला तर कल्हई दुसऱ्या दिवशी निघून यायची. इतकी साधी गोष्ट मी लहानपणी उकिडवं बसून शंभर वेळा पाहिली होती.

तेल हे माझं दुसरं पाप. पातं तेलात विझवतात, तेव्हा ते तेल कुठे ना कुठे राहतं. त्यात सागवान स्वतःच तेलकट. म्हणून तर ते पावसात टिकतं आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, पण गोंदाला तेच नडतं. सागवान ताजं घासून, ॲसिटोनने पुसून, लगेच चिकटवायचं असतं. मी रात्री घासून ठेवायचो आणि सकाळी चिकटवायचो. तोवर आतलं तेल पुन्हा वर आलेलं.

आपले टेक्निकलचे सर आज येऊ शकले नाहीत, पण मी सुऱ्या घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, एक उघडी सुरी हातात घेतली आणि काही न बोलता नळाखाली धरली. पाण्याचे मणी झाले. “हे बघ,” म्हणाले, “स्वच्छ पोलादावर पाणी पसरतं. थेंब थेंब उभं राहिलं म्हणजे तेल आहे. आठवीत दाखवलं होतं तुम्हाला.” मला खरोखर आठवलं नाही. त्या तासाला मी बहुधा खिडकीतून बाहेर बघत असणार.

तिसरं, घाईचा गोंद. दोन नळ्यांमधलं मिश्रण करायचा इपॉक्सी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यात सावकाश सुकणारा असतो आणि पाच-दहा मिनिटांत सुकणारा असतो. झटपट सुकणारा गोंद पाण्यापुढे आणि उष्णतेपुढे साधारणपणे लवकर हार मानतो. डिसेंबरात माझ्याकडे वेळ नव्हता, म्हणून मी झटपटवाला घेतला. शिवाय मूठ पट्ट्यावर घासून आकार देताना पोलाद चटके बसेपर्यंत तापवलं. म्हणजे चिकटवलेला जोड त्याच दिवशी मीच मऊ केला होता. आणि शिकंजा मात्र असा आवळला की जणू ऊस पिळायचाय. करंजीची कड जास्त दाबली की सारण बाहेर येतं. तसा सगळा गोंद बाहेर आला आणि आत नुसता ओलावा राहिला.

एवढं होऊनही मूठ सुटली नसती, जर खिळे नीट असते. सुरीच्या मुठीच्या दोन बाजू असतात, मधे पोलाद, आणि आरपार पितळी खिळे. मी खिळे सरळ घातले, गोंदाने चिकटवले आणि घासून सपाट केले, कारण छान दिसतं. अशा खिळ्यावरून मूठ पुढे-मागे सरकत नाही, पण दाराच्या बिजागरीची सळई ओढून काढावी तशी बाजूला निघू शकते. आपल्या घरातल्या कढईचा कान बघा. कुणी चिकटवलाय का? रिव्हेट ठोकून दोन्हीकडे डोकं केलेलं असतं. विळीचं पातं बघा. आज्जीच्या विळीला मूठ नव्हती म्हणा, पण पातं पाटाला कसं धरलेलं असायचं ते आठवा.

आता दुरुस्तीचं. नव्या लाकडाच्या मुठी करणं सोपं होतं, चार दिवसांचं काम. पण मग ती बाकं कुठे राहिली? म्हणून तीच लाकडं पुन्हा बसवायची ठरवलं. घट्ट धरलेला भाग सोडवायला पहिली सुरी मी उकळत्या पाण्यात टाकली. गोंद सुटला, पण पातळ लाकूड पिळवटलं आणि वाळायला दीड महिना लागला. ती सुरी माझ्याच वाट्याची होती हे नशीब. मग घरातल्या ओव्हनमध्ये 90 अंशांवर वीस मिनिटं ठेवून बघितलं. तेवढ्याने गोंद मऊ पडतो आणि पात्याला काही होत नाही, कारण पाणी दिल्यावर ते 200 अंशांच्या आसपास शेकलेलं असतं. त्याच्या खाली राहिलं की धार मऊ होत नाही. बायकोने मात्र तो ओव्हन त्यानंतर केक करायला वापरू दिलेला नाही, नवा घ्यावा लागला. खर्चाच्या यादीत तो सगळ्यात मोठा आकडा आहे.

खिळे ठोकून बाहेर काढले. बऱ्याच सुऱ्यांमध्ये लाकडाखाली गंज होता. फटीतून पाणी शिरतं, बाहेर यायला वाट नसते, आणि आत बसून पोलाद खातं. गंज वाढला की तो लाकडाला आणखी उचलतो. कोकणातल्या सुऱ्यांची अवस्था सगळ्यात वाईट. मासळी, मीठ, चार महिन्यांची दमट हवा. अमेरिकेहून आलेली एक मात्र त्यांच्याही वर होती. तिला भांडी धुण्याच्या मशीनमध्ये रोज आंघोळ घातली जात होती. गरम पाणी, मग कोरडी वाफ, पुन्हा गरम पाणी. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. सुरीच्या मुठीएवढ्या रुंदीला पाव मिलिमीटरच्या आसपास. पोलाद जागचं हलत नाही. ही ओढाताण गोंदाला सोसावी लागते, आणि मशीनमध्ये ती रोज होते. (नाव घेत नाही. तो हसतोय, म्हणजे तुम्हाला कळलंच.)

मग पोलाद खरखरीत कागदाने आडवं-उभं घासलं, मधला भाग जरा खोलगट केला म्हणजे गोंदाला बसायला जागा राहील, शिवाय काही बारीक भोकं पाडली म्हणजे एका बाजूचा गोंद दुसऱ्या बाजूच्या गोंदाला आतून भेटेल. पाण्याची परीक्षा घेतली. पाणी पसरेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतलं. सावकाश सुकणारा गोंद काट्यावर तोलून मिसळला. शिकंजा इतपतच, की कडेने सगळीकडे गोंदाची बारीक रेघ डोकावली पाहिजे. चोवीस तास हात लावायचा नाही. पितळी सळई आधी लालसर तापवून गार केली, नाहीतर ठोकताना ती कडक होऊन फुटते. भोकाची तोंडं जराशी पसरट केली आणि छोट्या हातोडीने हळूहळू ठोकत दोन्हीकडे डोकी बसवली. इथे घाई केली की लाकूड तडकतं. दोन मुठी तडकल्या. त्या तडा गोंद भरून ठेवल्या आहेत, लपवलेल्या नाहीत. मे महिन्यातल्या सात सुऱ्यांचे जोड मी उघडले नाहीत, फक्त खिळे बदलले.

एका सुरीबद्दल सांगायचं आहे. आपल्यातला एक जण मागच्या वर्षी गेला. मागच्या बाकावर बसायचा, आणि मागच्या मेळाव्यात रात्रभर गाणी त्यानेच म्हटली होती. त्याच्या पत्नीने सुरी पाठवली, सोबत चिठ्ठी: ‘रोज सकाळी हे स्वतः कांदा चिरायचे. मूठ घासू नका, एवढंच.’

मूठ काळपट, गुळगुळीत झाली होती. अंगठा टेकायचा तिथे किंचित खळगा. सुरी करताना असा खळगा मी कुणाच्याच मुठीला ठेवला नव्हता. ती मूठही पोकळ वाजत होती. ती सैलच होती आणि तो तशीच वापरत होता. ओव्हनमध्ये घालायची माझी छाती झाली नाही, वरचा थर करपला असता तर? केस वाळवण्याच्या यंत्राने लांबून तापवत एक दुपार घालवली तेव्हा दोन्ही बाजू सुटल्या. आतून सगळं साफ केलं, बाहेरून कागदाची पट्टी गुंडाळून ठेवली. खिळ्यांची डोकी घासताना लाकडाला कानस लागू नये म्हणून एका खिळ्याला दोन तास लागले. बाहेरच्या लाकडावर मी काहीही केलेलं नाही, तेलसुद्धा लावलं नाही. त्याची मुलगी आज आली आहे. पोरी, तुझी सुरी वेगळ्या कापडात आहे, सतरा नंबर.

बाईंच्या सुरीचं काय करायचं हा प्रश्न होता. मला वाटलं, त्यांना ती डोळ्यांसमोरही नको असेल. मी विचारलं तर म्हणाल्या, “दुरुस्त झाली का? मग दे की. भोपळा अजून चिरते मी. पण मूठ जरा जाड कर, बोट मिटत नाही ना.” मग बाईंच्या मुठीला त्याच बाकाच्या फळीचा एक थर आतून चढवला आहे. ती थोडी बोजड झाली आहे, दिसायलाही तितकीशी बरी नाही. त्यांनी काल हातात धरून बघितली आणि एवढंच विचारलं, “आता कोरलेलं अक्षर ‘वि’ आहे की ‘चि’?” आम्ही दोघांनी खूप निरखलं. कळलं नाही.

चहाची वेळ झाली, संयोजक घड्याळ दाखवतायत. सुऱ्या मागच्या टेबलावर नंबर लावून ठेवल्या आहेत. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, म्हणतात. म्हणून आपापली आपण उचला. पाण्यात भिजत ठेवू नका, धुतली की लगेच पुसा, मशीनमध्ये घालू नका. पुन्हा कधी हलली तर ट्यूब न गुंडाळता मला फोन करा. आणि तीन सुऱ्या अजून आलेल्या नाहीत. नंबर चार, एकोणीस आणि सव्वीस. ते तिघे या सभागृहात आहेत. जेवणाआधी मला भेटा, नाहीतर मी घरी येईन.